दाढीवाल्या सिल्कीची पैदास: कोंबडा घेताना दाढी बघू नका, पिल्लं बघा

सिल्की, म्हणजे कापसासारख्या मऊ पिसांची छोट्या अंगाची कोंबडी, नव्यानं पाळायला घेतलेल्यांचा मला हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "ताई, कोंबडा पण दाढीवाला, कोंबडी पण दाढीवाली, मग आठ पिल्लांत दोन बिनदाढीची कशी काय निघाली, विकणाऱ्यानं फसवलं का?" तर बहुतेक वेळा कुणी फसवलेलं नसतं. ती दोन पिल्लं तुमच्याच जोडीची असतात, आणि त्या जोडीबद्दलची सगळ्यात कामाची माहिती तीच दोन पिल्लं देत असतात. लोक नेमकी तीच आधी बाजारात काढतात म्हणून जीव तुटतो. सातारा जिल्ह्यात घरामागच्या शेडमध्ये मी सिल्की पाळते, वह्या भरून नोंदी ठेवते, आणि त्यातून जे हाताला लागलं ते इथं सविस्तर लिहितेय.

आधी चेहरा नीट बघायला शिकू. चोचीखाली जो पिसांचा झुपका येतो ती दाढी आणि दोन्ही गालांवर कानापर्यंत जे फुगीर झुपके येतात ते मफ. दोन्ही एकाच जनुकामुळं येतात, त्यामुळं पक्ष्याला दाढी असेल तर मफ पण असणारच. जनुकवाले त्याला एमबी म्हणतात. डोक्यावरची शेंडी वेगळी, तिचं जनुक वेगळं. तुरा त्याहून वेगळा. हे सगळं एकात एक मिसळून "टोपवाली दाढीवाली" म्हणून विकतात आणि मग हिशोब चुकतो. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनच्या स्टँडर्डमध्ये तर दाढीवाली सिल्की आणि बिनदाढीची सिल्की अशा दोन वेगळ्या व्हरायटी धरतात, म्हणजे बिनदाढीची सिल्की ही काही भेसळ नव्हे.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक कोंबडीकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक बापाकडून आणि एक आईकडून. दाढीची एक प्रत मिळाली तरी दाढी येते. दोन्ही मिळाल्या तर दाढी जास्त भरते आणि गळ्याखालचे वॅटल (त्या लोंबत्या पाळ्या) जवळजवळ दिसेनासे होतात, एकच मिळाली तर दाढी जरा विरळ राहते आणि बारीकसे वॅटल दिसतात. मी दोन प्रतीवाल्याला डबल म्हणते आणि एक प्रतीवाल्याला सिंगल. डबलला कुणाशीही लावा, सगळी पिल्लं दाढीची. सिंगलला बिनदाढीशी लावलं तर साधारण निम्मी दाढीची. सिंगलला सिंगलशी लावलं तर चारात एक डबल, दोन सिंगल, एक बिनदाढी असा सरासरी हिशोब पडतो. वरच्या आठातल्या दोघांचं गणित हेच. आणि बिनदाढी गुणिले बिनदाढी केलं तर दाढी येत नाही म्हणजे येतच नाही, आजोबा कितीही दाढीवाले असोत.

तुम्ही म्हणाल मग सोपंच आहे, भरघोस दाढीचा कोंबडा निवडायचा. साध्या पिसांच्या पक्ष्यात हे थोडंफार चालतं. सिल्कीत नाही चालत, कारण तिचं पीसच कापसासारखं, सिंगलची दाढीसुद्धा फुगून डबलसारखी दिसते. वयाचा फरक पडतो, पिसं झडायच्या दिवसांत डबल पण सिंगल वाटतो. म्हणून नजरेवर जाऊ नका, पिल्लांवर जा.

हे जनुक नेमकं करतं काय ते कळलं की बाकीचं डोक्यात पक्कं बसतं, म्हणून जरा सांगते. चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात हुइयांग नावाची दाढीवाली कोंबडी आहे, मोठ्या दाढीसाठीच प्रसिद्ध. तिच्यावर काम करून तिथल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की कोंबडीच्या 27 व्या गुणसूत्रावर तीन तुकड्यांच्या जादा प्रती झाल्यात, आणि त्यामुळं हॉक्स-बी-8 नावाचं जनुक चेहऱ्याच्या कातडीत चालू राहतं, जिथं ते एरवी गप्प असतं. हॉक्स गटातली जनुकं म्हणजे शरीराचा पिनकोड समजा, कातडीच्या कुठल्या भागानं काय उगवायचं हे ती सांगतात. गालाच्या कातडीवर चुकून धडाचा पिनकोड पडला, म्हणून तिथं धडासारखी लांब पिसं उगवली. शेंडीची गोष्ट पण अशीच आहे, फक्त तिथं हॉक्स-सी-8 आहे, त्याच कुटुंबातलं दुसरं भावंड. हुइयांगशिवाय इतर दाढीवाल्या जातींतही हाच बदल सापडला, म्हणजे देश कुठलाही असो, दाढीचं मूळ एकच.

आता कामाला लागू. कोंबडा डबल आहे का हे ठरवायचं तर त्याला बिनदाढीच्या कोंबडीबरोबर लावायचं. कोंबडी आधी कुठल्याही कोंबड्याबरोबर असेल तर तीन आठवडे वेगळी ठेवा, कारण आधीच्या कोंबड्याचं बीज तिच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं आणि पिल्लू भलत्याचंच निघतं. तीन आठवड्यांनंतर आपला कोंबडा सोडा, त्यानंतरही पहिल्या आठवड्याची अंडी खायला वापरा, मग पुढची जमवा. अंड्यावर शिसपेन्सिलीनं तारीख आणि कोंबड्याचा नंबर टाका. पिल्लांत एक जरी बिनदाढीचं निघालं तर कोंबडा सिंगल, विषय संपला. सगळी दाढीची निघाली तर? सिंगल कोंबड्याकडून प्रत्येक पिल्लाला दाढी मिळायची शक्यता निम्मी असते, म्हणजे सलग सात पिल्लं दाढीची निघणं हे 128 त एकदा घडेल, आठ निघणं 256 त एकदा. मी आठ ते दहा पिल्लं झाल्याशिवाय कुठल्या कोंबड्याला डबल म्हणत नाही. बिनदाढीची कोंबडी नसेल आणि ओळखीची सिंगल कोंबडी असेल तर तिच्यावरही टेस्ट होते पण मग सात पिल्लांएवढ्याच खात्रीला सतरा पिल्लं लागतात, कारण दोघं सिंगल असले तरी चारात एकच बिनदाढी येतं. सात आणि सतरा यातला फरक बघा, म्हणूनच म्हणते की बिनदाढीची मादी पिल्लं विकू नका. शेडमध्ये एक चांगली तब्येतीची बिनदाढीची सिल्की असणं म्हणजे सोनाराकडं कसोटीचा दगड असणं.

यात मी स्वतः सपशेल चुकले ते सांगते, कारण ही चूक कुणाचीही होईल. एक कोंबडी बिनदाढीची म्हणून मी घेतली, चेहरा साफ, चोचीखाली काही नाही, अंडी नेमानं द्यायची. तिच्यावर दोन कोंबडे टेस्ट केले, दोघांची सगळी पिल्लं दाढीची निघाली, मी खूश, वहीत दोघांपुढं डबल लिहिलं आणि एक देऊन पण टाकला. पुढच्या वर्षी घेणाऱ्यांचा फोन आला की निम्म्या पिल्लांना दाढी नाही. माझा विश्वासच बसेना. मग रात्री बॅटरी घेऊन त्या कोंबडीला मांडीवर धरली, अंगठ्यानं चोचीखालची लव मागं सारली, तर कातडीवर बारीक बारीक कापलेल्या पिसांचे खुंट, दाट, दाढी केलेल्या माणसाच्या हनुवटीसारखे हाताला टोचत होते. शेडमधल्या दुसऱ्या कोंबड्या तिची दाढी चोचीनं उपटून खात होत्या! आणि वॅटलच्या जागी दोन बारीक ठिपके, बस. साफ चेहऱ्याच्या मादीचे वॅटल छोटे असले तरी लोंबते असतात, एवढंसुद्धा मी बघितलं नव्हतं. ती स्वतःच दाढीवाली, मग तिच्यावरच्या टेस्टला काय अर्थ राहिला. त्या घेणाऱ्यांना मी दुसरा कोंबडा दिला, पण त्यांचं एक वर्ष गेलं ते गेलंच.

तेव्हापासून माझा नियम, बिनदाढी म्हणायच्या आधी तीन गोष्टी तपासायच्या: चोचीखाली खुंट आहेत का, वॅटल लोंबते आहेत का, आणि तिला पंधरा-वीस दिवस एकटी ठेवून नवीन पिसं फुटतात का. नवीन पीस निळसर काडीसारखं वर येतं, दाढी असेल तर चोचीखाली अशा काड्यांची रांगच दिसते. पिसं उपटायची सवय लागलीच तर गर्दी कमी करा, खाद्यात प्रोटीन कमी पडतंय का बघा, आणि उपटणारी कोण आहे ते शोधून तिला बाजूला काढा, एकच निघते बहुतेक.

पिल्लाची दाढी पहिल्याच दिवशी कळते, फक्त वाळू द्या त्याला. ओलं पिल्लू सगळंच काडी दिसतं. पूर्ण वाळून फुललं की समोरून बघा, दाढीच्या पिल्लाचे गाल दोन्हीकडून फुगलेले असतात, तोंडात दाणे भरल्यासारखे, आणि चोचीखाली लवेची गादी असते. बिनदाढीच्या पिल्लाचा चेहरा चोचीपासून मानेपर्यंत सरळ उतरतो. शेजारी शेजारी ठेवून बघितलं तर लहान पोर पण सांगेल, माझी धाकटी पुतणी तर माझ्याआधी सांगते. शंका असलेल्यांच्या पायात वेगळ्या रंगाची रिंग घाला आणि सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा बघा. रिंग पिल्लू वाढेल तशी बदलत राहा, नाहीतर पायात रुतते, सिल्कीच्या पायावर पिसं असल्यामुळं रुतलेली दिसत पण नाही.

अंडी खुडूक कोंबडीखाली घालायची का मशिनमध्ये? सिल्कीसारखी खुडूक दुसरी नाही, बसली की उठत नाही, पण लहान अंगाची आहे, आठ-नऊ अंड्यांच्यावर देऊ नका आणि रोज एकदा उठवून खायला-प्यायला घाला. टेस्टची अंडी मात्र मी मशिनमध्येच घालते, पंख्याचं मशिन, 37.5 डिग्री, आर्द्रता पहिले 18 दिवस 45 ते 55 टक्के, त्यानंतर फिरवणं बंद आणि आर्द्रता 65 ते 70. एकविसाव्या दिवसाच्या आधी प्रत्येक कोंबड्याची अंडी वेगवेगळ्या जाळीच्या डब्यात ठेवायची, नाहीतर पिल्लं एकमेकांत मिसळली की तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात.

आता चेहऱ्यावरच्या बाकीच्या गोष्टी. तुरा: सिल्कीचा तुरा अक्रोडासारखा, गाठीगाठीचा, जांभळट. तो दोन जनुकांच्या बेरजेतून येतो, एक रोझ तुऱ्याचं आणि एक पी तुऱ्याचं, दोन्ही असतील तर अक्रोड आणि दोन्ही नसतील तर आपल्या गावरानसारखा उभा करवती तुरा. बेटसन आणि पनेट या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी शंभरहून जास्त वर्षांपूर्वी हे कोंबड्यांवर मांडून दाखवलं. त्यामुळं तुमच्या सिल्कीच्या पिल्लाला उभा करवती तुरा आला तर समजा कुठंतरी मागं दुसऱ्या रक्ताची भर पडलीय. शेंडी: फार मोठी शेंडी निवडत गेलात तर काही पिल्लांच्या टाळूवर हाड नीट भरत नाही, मऊ उंचवटा लागतो, तिथं दुसऱ्या कोंबडीनं चोच मारली तर पिल्लू मान वाकडी करून पडतं. अशी पिल्लं वेगळी वाढवा, आणि मी तरी त्यांना पैदाशीत घेत नाही.

चेहऱ्याचा काळा-जांभळा रंग हा आणखी एक मजेचा भाग. हाच काळेपणा आपल्या झाबुआच्या कडकनाथमध्ये आहे, जनुकातला बदल दोघांत एकच. पण त्याच्याबरोबर एक दाबणारं जनुक असतं जे कोंबडा-कोंबडी ठरवणाऱ्या झेड गुणसूत्रावर बसलेलं आहे, आणि ते जिथं असेल तिथं काळेपणा फिका पडतो. सिल्की कोंबडा पांढऱ्या-पिवळ्या कातडीच्या कोंबडीला लावला, आणि तिच्याकडं ते दाबणारं जनुक असलं, तर मुली काळ्या तोंडाच्या आणि मुलगे फिके निघतात, कारण आईचं झेड फक्त मुलग्यांना जातं. कडकनाथ कोंबडीला सिल्की कोंबडा लावला तर मुलगा-मुलगी दोन्ही काळी, कारण दाबणारं जनुक दोन्हीकडं नाही.

बरेच जण विचारतात की दाढीवाली गावरान करता येईल का. येईल, थोडा धीर लागेल. दाढीवाला डबल सिल्की कोंबडा गावरान कोंबडीला लावा. पहिल्या पिढीत सगळी पिल्लं दाढीची येतील, तुरा अक्रोडासारखा, पायाला बहुतेकांना पाच बोटं, शेंडी थोडी कमी, पण पीस मात्र साधं, कारण सिल्कीचं कापूसपीस दबणारं आहे, दोन्हीकडून मिळाल्याशिवाय दिसत नाही. ही पिल्लं पुन्हा गावरानला लावा. आता दाढी निम्म्यांना, शेंडीशिवाय निम्मी, चार बोटांची निम्मी, उभा तुरा चारात एकाला. हे सगळे गुण वेगवेगळ्या ठिकाणी बसलेत त्यामुळं गुणाकार सरळ होतो: चारही हवे तर बत्तीस पिल्लांत सरासरी एक. लोक दहा पिल्लं काढतात, हवं तसं मिळत नाही म्हणून सोडून देतात. पन्नास-साठ पिल्लांची तयारी ठेवा, त्यातल्या दाढीवाल्या एकमेकांना लावून डबल काढा, आणि डबल ठरवायला तुमच्याकडं बिनदाढीची गावरान आहेच की.

एक सावधगिरी. दाढीला आणि कानाजवळच्या टफ्टला एक समजू नका. व्हिडिओंत अरौकाना कोंबडी दिसते, कानाखालून मांसाच्या देठावर पिसांच्या मिशा उगवलेल्या. ते जनुक वेगळं आणि जीवघेणं, दोन प्रती आल्या तर पिल्लू अंड्यातच मरतं, बहुतेक शेवटच्या काही दिवसांत. म्हणून टफ्ट गुणिले टफ्ट केलं की चौथा हिस्सा अंडी जातातच. दाढीच्या जनुकाचं तसं काही नाही, डबल दाढीवाले धडधाकट जगतात, तेव्हा "दाढीला दाढी लावू नये" हा जो सल्ला फिरतो तो या घोळातून आला असावा, तो मनावर घेऊ नका.

दाढी सांभाळायची कशी हे पैदाशीइतकंच महत्त्वाचं. उघड्या भांड्यात पाणी ठेवलं की दाढी भिजते, त्यावर खाद्याचा चिखल बसतो, वास येतो आणि थंडीत छाती धरते. निपल ड्रिंकर (चोच लावली की थेंब येतो ते) लावा, भिजवलेल्या भरड्याऐवजी कोरडं क्रंबल (दाणेदार खाद्य) द्या. कातडीशी दाढीच्या मुळाला उवांची अंडी पांढऱ्या गुच्छात चिकटतात, आठवड्यातून एकदा बोटांनी दाढी फाकवून बघायचीच, आणि औषध पशुवैद्यकांना विचारूनच, कारण ते डोळ्याच्या अगदी जवळ लागणार असतं. राख आणि कोरड्या मातीचं एक घमेलं शेडमध्ये कायम ठेवा, कोंबड्या त्यात लोळून निम्मं काम स्वतः करतात. देवीचा रोग आला तर खपल्या दाढीखाली लपतात, वरून पक्षी ठणठणीत दिसतो. देवीची लस सहा-आठ आठवड्यांच्या आसपास, मानमोडीची लासोटा लस पहिल्या आठवड्यात, आणि मॅरेक्स या पाय लुळे पाडणाऱ्या रोगाची एक दिवसाच्या पिल्लाला, सिल्कीला मॅरेक्स फार लवकर धरतो. लसीच्या कुपीत डोस शेकड्यांनी असतात, म्हणून आम्ही जवळपासची चार-पाच घरं एकाच आठवड्यात पिल्लं काढतो आणि कुपी वाटून घेतो.

जोडी लावायच्या दोन दिवस आधी डोळ्यांवर आलेली पिसं बोथट कात्रीनं कापा, दाढीला हात लावू नका, फक्त डोळ्याभोवतीची. ज्याला दिसत नाही तो कोंबडा दचकतो, कोंबडीपाशी नीट जात नाही आणि घार आली तर त्याला कळत पण नाही. शेपटीखालची पिसं पण दोघांची थोडी कमी करा, सिल्कीत बरीच अंडी त्यामुळं रिकामी निघतात. एकाच घरातली भावंडं पिढ्यानपिढ्या लावत राहिलात तर दाढी राहील पण अंडी कमी फुटत जातील, म्हणून तीन कळप करा आणि दरवर्षी पहिल्या कळपाचे कोंबडे दुसऱ्याला, दुसऱ्याचे तिसऱ्याला, तिसऱ्याचे पहिल्याला द्या, माद्या जागच्या जागी.

कोंबडा विकताना मी पायातल्या रिंगबरोबर एक चिठ्ठी देते, त्यावर किंमत नाही लिहीत, एवढंच लिहिते: कोंबडा नंबर 4, बिनदाढीच्या कोंबडीपासून 11 पिल्लं, 11 दाढी, कोंबडीचे खुंट आणि वॅटल तपासलेले. घेताना तुम्ही पण समोरच्याला अशी चिठ्ठी मागा, नसेल तर त्याच्याकडं बिनदाढीची कोंबडी आहे का विचारा, आणि असेल तर तिच्या चोचीखाली अंगठा फिरवून बघा.